गोव्हेंडर म्हणजे नेमके कोण? होणाऱ्या जावयाचं आडनाव आणि एका आईचे प्रश्न

इचलकरंजीहून एका ताईंचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून छापत नाही. पत्र मोठं आहे, थोडं कापून देते.

"नमस्कार. आमचा सुताचा व्यवसाय आहे. मुलगी मेलबर्नला नोकरी करते आणि तिने तिथेच एका मुलाशी लग्न ठरवलंय. मुलगा आवडला आम्हाला, शांत आहे, बोलायला चांगला आहे. तो मूळचा दक्षिण आफ्रिकेतल्या डरबनचा. ते लोक स्वतःला तमिळ म्हणवतात पण त्यांना तमिळ येत नाही, घरात सगळं इंग्लिश. आडनाव गोव्हेंडर. आता या आडनावावरून आमच्याकडे रोज एक नवीन थिअरी निघते. मोठे दीर म्हणतात तमिळ लोकांना आडनाव नसतंच, म्हणजे हे ख्रिश्चन असणार. जाऊबाई म्हणतात गोविंदवरून आलंय, वैष्णव असतील. पुतण्याने नेटवर शोधलं तर गौंडर निघालं, कोइम्बतूरकडचे मोठे जमीनदार. म्हणून मिस्टरांनी त्यांच्या कोइम्बतूरच्या सूतवाल्या ओळखीच्यांना विचारलं तर ते म्हणाले आमच्यात असं आडनाव कोणी लावत नाही, जपून राहा. आता सासरे रोज विचारतात, जात काय. मुलाच्या आईला विचारू का? विचारलं तर कसं विचारू? त्यात त्या स्वतःच परवा फोनवर म्हणाल्या की लग्नाला येऊ तेव्हा आमच्या पणजोबांचं गाव बघायचंय, तुम्ही शोधायला मदत कराल का, आमच्याकडे एक जुना कागद आहे, त्यावर एक नंबर आणि बोटीचं नाव आहे. मी हो म्हणून बसले पण काय शोधणार? आणि पत्रिकेत नाव कसं छापायचं, मुलीने ते आडनाव लावावं का, तेही सांगा."

ताई, आधी मनापासून अभिनंदन. मुलगा आवडलाय हे तुम्ही पत्राच्या सुरुवातीलाच लिहिलंत, ते वाचून बरं वाटलं.

आता सरळ उत्तर. तुमच्या पुतण्याने शोधलं ते बरोबर आहे, गोव्हेंडर म्हणजे बहुतेक वेळा गौंडरच. आणि कोइम्बतूरचे गृहस्थ म्हणाले आमच्यात असं कोणी लावत नाही, तेही बरोबर आहे, कारण हे स्पेलिंग भारतात तयारच झालेलं नाही, ते दक्षिण आफ्रिकेत झालंय. आज जगात कुठेही कोणी गोव्हेंडर भेटला तर तो किंवा त्याचे आईवडील डरबनच्या बाजूचे असणार असं जवळजवळ डोळे मिटून सांगता येतं. फिजीत गेलेल्या तमिळ लोकांचं गौंडर तसंच गौंडर राहिलं, दक्षिण आफ्रिकेत त्याचं गोव्हेंडर झालं. म्हणजे या आडनावातून खात्रीने कळते ती गोष्ट जात नाही, तर बोट कुठल्या बंदराला लागली एवढीच आहे. माझं सगळं उत्तर या एका वाक्याभोवतीच आहे, पण तुम्हाला घरात सगळ्यांना तोंड द्यायचंय म्हणून नीट सांगते.

मोठ्या दिरांचं अर्धं बरोबर आहे. तमिळ पद्धतीत आपल्यासारखं आडनाव नसतं. स्वतःचं नाव असतं आणि त्याच्याआधी वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर. आपला क्रिकेटवाला अश्विन घ्या, रविचंद्रन हे त्याचं आडनाव नाही, वडिलांचं नाव आहे. विश्वनाथन आनंदचंही तसंच, त्याचं नाव आनंद, विश्वनाथन वडील. काही जण त्याच्या आधी गावाच्या नावाचंही अक्षर लावतात. बायको नवऱ्याच्या नावाचं अक्षर घेते, मुलं बापाच्या, त्यामुळे दर पिढीत अक्षर बदलतं आणि खानदानाचं एकच नाव असं पुढे चालत नाही. शिवाय पूर्वी नावाच्या शेवटी एक पदवी लागायची, पिल्लै, मुदलियार, गौंडर, पडैयाची, चेट्टियार, नायकर अशी. ती पदवी मानाची असायची, समाज सांगणारी असायची, पण फॉर्मवर भरायचं आडनाव म्हणून कोणी तिच्याकडे बघत नव्हतं.

मग ही पद्धत घेऊन माणसं बोटीत बसली आणि खरी गडबड तिथे झाली.

१८६० साली नाताल या, म्हणजे डरबनच्या भागातल्या, ब्रिटिश वसाहतीतल्या उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. १६ नोव्हेंबर १८६० ला मद्रासहून निघालेली ट्रूरो नावाची बोट डरबनला लागली, दहा दिवसांनी कलकत्त्याहून बेल्व्हेडिअर आली, आणि तिथून १९११ पर्यंत बोटी येतच राहिल्या. सुमारे १ लाख ५२ हजार माणसं गेली, त्यातली साधारण दोन तृतीयांश मद्रासच्या बाजूने, म्हणजे तमिळ आणि तेलुगू. पाच वर्षांचा करार, ज्याला आपण गिरमिट म्हणतो. यातल्या प्रत्येक माणसाची एका मोठ्या रजिस्टरमधे नोंद व्हायची आणि प्रत्येकाला एक नंबर मिळायचा, बायकांना वेगळा, लहान मुलांना वेगळा. रकाने असायचे: नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, तालुका, गाव, अंगावरची खूण. आता विचार करा, समोर उभा आहे तो माणूस म्हणतो माझं नाव मुनुसामी, बाप पेरुमाल. कारकून इंग्रजीत लिहिणारा. स्पेलिंगचा काही नियमच नाही, कानाला आलं तसं लिहिलं, आणि पुढच्या बोटीवर त्याच नावाचा दुसरा माणूस आला की दुसरंच स्पेलिंग. त्यांच्यातले बहुतेक जण स्वतः वाचू शकत नव्हते, त्यामुळे चुकलंय असं सांगणार कोण.

हे रजिस्टर म्हणजे त्यांचं आयुष्यभराचं ओळखपत्र. पगार, पास, लग्नाची नोंद, मुलांची नोंद, गिरमिट संपल्यावर मोकळं झाल्याचा कागद, सगळीकडे तेच नाव आणि तोच नंबर. आणि इंग्रजी कागदाला आडनाव लागतंच, तो रकाना रिकामा ठेवायची सोय नाही. मग त्या रकान्यात काहीतरी जाऊन बसलं. कोणाच्या बाबतीत बापाचं किंवा आजोबांचं नाव, म्हणून आज डरबनमधे मूनसामी, पेरुमाल, रामसामी, चिनसामी ही आडनावं आहेत. कोणाच्या बाबतीत पदवी, म्हणून मुदलियारचं मूडली, नायडूचं वेगळ्या स्पेलिंगचं नायडू, पिल्लैचं पिल्ले, पडैयाचीचं पडायाची, चेट्टियारचं चेट्टी आणि गौंडरचं गोव्हेंडर. एकाच आजोबांची नातवंडं पण एका शाखेचं आडनाव आजोबांच्या नावावरून आणि दुसऱ्या शाखेचं पदवीवरून, असंही त्यांच्यात होतं. म्हणून जाऊबाईंचं गोविंदन अगदीच उडवून लावू नका. ज्या घरात पणजोबांचं नावच गोविंदन होतं त्या घराचं गोव्हेंडर तिथून आलेलं असू शकतं, आणि हे फक्त त्या घराचा कागद सांगेल, नेट नाही आणि मीही नाही. वैष्णव वगैरे मात्र त्यातून काही निघत नाही.

डरबनच्या नवी पिल्ले ऐकल्यात का, २००८ ते २०१४ संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्त होत्या, त्यांच्या आडनावातलं पिल्ले म्हणजे तमिळनाडूतलं पिल्लैच. आणि हे फक्त इंग्रजांच्या वसाहतीत झालं असंही नाही. रियुनियन बेटावर फ्रेंचांचं राज्य होतं, तिथे पिल्लैचं पुल्ले झालं, वीरापुल्ले हे तिथलं मोठं राजकीय घराणं आहे. मॉरिशसमधे मुरुगनचं मूर्गेन, आरुमुगमचं आर्मूगम. मलेशियात मात्र वेगळंच, तिथल्या तमिळांनी मूळची पद्धत टिकवली, कागदावर स्वतःचं नाव, मग अमक्याचा मुलगा किंवा अमक्याची मुलगी असं मलय भाषेत, मग वडिलांचं नाव. एकाच गावातले चार भाऊ चार बोटींतून चार देशांना गेले असते तर आज त्यांच्या पणतवंडांची आडनावं एकमेकांना ओळखूही आली नसती. मला हे लिहिताना खरंच वाईट वाटतं, कारण नाव ही एकच गोष्ट त्या माणसांनी सोबत नेली होती आणि तीही दुसऱ्याच्या हातून लिहिली गेली.

बरं, गौंडर म्हणजे काय. जुन्या कन्नड शिलालेखांत गावुंड हा शब्द येतो, गावाचा मुख्य, कारभार बघणारा. कर्नाटकातलं गौडा आणि तमिळमधलं गौंडर ही त्याच घरातली नावं मानतात. म्हणजे आपल्याकडे पाटील, तसं. आणि ताई, पाटील म्हटल्यावर तुम्हाला जात कळते का? आपल्या इचलकरंजी, कोल्हापूर, सांगलीच्या पट्ट्यात मराठा पाटील आहेत, जैन पाटील आहेत, लिंगायत पाटील आहेत, तिकडे किनाऱ्याला आगरी पाटील, कोळी पाटील आहेत. पाटील हे वतन होतं, ज्याच्याकडे होतं त्याने लावलं. गौंडरचंही अगदी तसंच. कोइम्बतूर, इरोड, तिरुप्पूर भागात गौंडर म्हटलं की कोंगू वेल्लाळ गौंडर, शेतीवाले, गिरण्यावाले, तुमच्या मिस्टरांचे सूतवाले त्यातलेच असणार. पण सेलम, धर्मपुरी, वेल्लोरकडे वन्नियार लोकही गौंडर लावतात. वेट्टुव गौंडर वेगळे, कुरुंब गौंडर वेगळे, ऊराळी गौंडर वेगळे. आणि नातालला गेलेली तमिळ माणसं बरीचशी उत्तर अर्काट, दक्षिण अर्काट, चेंगलपट्टू, सेलम, तंजावर अशा जिल्ह्यांतली होती. म्हणजे कोइम्बतूरच्या माणसाला विचारून काहीच हाती लागणार नव्हतं, आणि "जपून राहा" हा सल्ला तर त्यांनी काहीच माहिती नसताना दिला. मिस्टरांना सांगा, सुताचा भाव त्यांना जरूर विचारा, जावयाची चौकशी त्यांच्याकडे बंद करा. अशा चौकशीत माणूस कसा आहे हे कळत नाही, आपलं नाव मात्र त्यांच्याकडे चर्चेत राहतं.

अजून एक, आणि हे सासऱ्यांना नीट सांगा. आडनावात पदवी आहे म्हणून ती पदवी पणजोबांची होतीच असंही नाही. बोट सुटेपर्यंत मजुरांना ठेवायचे त्या डेपोत आणि बोटीवर सगळे एकत्र, एका भांड्यात शिजलेलं खायचं, शेजारी शेजारी झोपायचं. तिकडे पोचल्यावर मळ्यावरच्या बराकीत पुन्हा तेच. गावात जी माणसं एकमेकांच्या विहिरीवर गेली नसती त्यांची मुलं एकत्र वाढली, लग्नं झाली. आणि गावात ज्यांना मान मिळत नव्हता त्यातल्या अनेकांनी नव्या देशात मानाची पदवी लावली, कोण विचारणार होतं? मी तर म्हणेन बरं केलं. शिवाय त्या रजिस्टरातला जातीचा रकाना तरी कुठे भरवशाचा, त्यात कुठे जात लिहिलीय, कुठे नुसतंच ख्रिश्चन, कुठे मुसलमान, कुठे मलबार. मलबार म्हणजे केरळ नव्हे हं, त्या काळी गोरे लोक तमिळ बोलणाऱ्या कोणालाही मलबार म्हणायचे, रियुनियनमधे तमिळांना आजही मलबारच म्हणतात. तर ज्या रजिस्टरवरून हे आडनाव निघालं त्यालाच जात धड माहीत नाही, मग पाच पिढ्यांनंतर त्या आडनावावरून आपण काय काढणार.

तमिळनाडूत काय झालं तेही बघा. १९२९ च्या फेब्रुवारीत चेंगलपट्टूला पेरियार यांच्या जातीविरोधी स्वाभिमान चळवळीची परिषद झाली, तिथे नावामागच्या जातीच्या पदव्या सोडून देण्याचा ठराव झाला. पेरियार स्वतः ई. व्ही. रामसामी नायकर होते, त्यांनी नायकर काढून टाकलं. हळूहळू ते एवढं रुजलं की आज तमिळनाडूत नावापुढे जातीची पदवी लावणारा तरुण क्वचित सापडतो. म्हणजे मायदेशात त्यांनी ती पदवी जात आहे म्हणून सोडली, आणि समुद्रापलीकडे तीच पदवी जात विसरून नुसतं आडनाव म्हणून राहिली. तुमच्या जावयाला गोव्हेंडर म्हणजे काय विचारलंत तर तो बहुतेक एवढंच सांगेल की आम्ही डरबनचे तमिळ. तो लपवत नसतो, त्याच्यासाठी त्याचा अर्थ खरंच एवढाच आहे.

वल्लियम्माची गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते. जोहान्सबर्गला जन्मलेली मुलगी, आईवडील तंजावरकडचे. गांधीजींच्या १९१३ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेली, आजारी पडली, फेब्रुवारी १९१४ मधे वारली, वय सोळा. दक्षिण आफ्रिकेत तिचं नाव वल्लियम्मा मुनुस्वामी मुदलियार असं सांगतात, वडिलांचं नाव आणि पदवी लावून. तमिळनाडूत तिला तिल्लैयाडी वल्लियम्मै म्हणतात, तिल्लैयाडी हे तिच्या आईवडिलांच्या बाजूचं गाव. मुलगी एकच, एका देशाने तिला पदवी लावली आणि एका देशाने गाव. मुलाच्या आईला पणजोबांचं गाव का बघायचंय ते मला यातून कळतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, जात विचारू का. नका विचारू, ताई. अजिबात नको, आडून आडूनही नको. उत्तर मिळणार नाही हे कारण तर आहेच, पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे. मुलाच्या आईचं वय साठीच्या आसपास असेल असं धरते. म्हणजे त्या वर्णभेदाच्या राज्यात जन्मल्या, वाढल्या. १९५० साली तिथे दोन कायदे झाले, एका कायद्याने प्रत्येक माणसाची वंशाप्रमाणे सरकारी नोंद झाली, दुसऱ्याने कुठल्या वंशाने कुठे राहायचं ते ठरलं. डरबनमधे केटो मॅनर नावाचा भाग होता, भारतीय लोकांनी तिथे जमिनी घेऊन घरं, मळे, देवळं उभी केली होती. ते सगळं सोडायला लावून १९६० च्या दशकात हजारो कुटुंबांना चॅट्सवर्थसारख्या फक्त भारतीयांसाठी आखलेल्या वस्तीत नेऊन टाकलं. शाळा वेगळी, बीच वेगळा, बसायचं बाकडं वेगळं. १९९४ पर्यंत त्यांना मताचा खरा हक्क नव्हता. तुम्ही नेमक्या कोण हा प्रश्न ज्या बाईला सरकारने अर्धं आयुष्य फॉर्मवर विचारला, तिला होणाऱ्या विहीणबाईंनी तोच प्रश्न नव्या रकान्यासकट विचारावा, हे मला पटत नाही. त्या काही बोलणार नाहीत, हसून विषय बदलतील, पण मनात राहील आणि पुढे पंचवीस वर्षं राहील. मुलीलाही कळेल, आणि तिला त्या घरात रोज राहायचंय.

सासऱ्यांना काय सांगायचं? खरं ते सांगायचं. डरबनचे तमिळ आहेत, दीडशे वर्षांच्या आसपास तिथे आहेत, त्यांच्याकडे आता जात राहिली नाही. एवढं बोलून थांबा. पुढचा प्रश्न आला तर पुन्हा तेच बोला, आवाज न चढवता. घरातल्या मोठ्या माणसाला एकदम पटणार नाही, पण तुमचं उत्तर रोज बदललं नाही की प्रश्न विचारायचा कंटाळा येतो. मात्र हे उत्तर तुम्ही आणि मिस्टर दोघांचं एकच पाहिजे. तुम्ही एक सांगताय आणि ते गुपचूप फोन करून दुसरीकडे चौकशी करतायत असं झालं तर सगळं फसेल.

धर्माचं मात्र मोकळेपणाने विचारा, ते विचारण्यात काही वावगं नाही कारण लग्नाचे विधी ठरवायचेत. गोव्हेंडर हिंदूही असतात आणि ख्रिश्चनही, डरबनच्या भारतीयांत ख्रिस्ती झालेली कुटुंबं भरपूर आहेत, आडनाव तेच ठेवून. सरळ म्हणा, आमच्याकडे सप्तपदी, अंतरपाट असं असतं, तुमच्याकडे लग्नात काय काय करतात, आपण दोन्ही कसं बसवू या? हिंदू असतील तर त्या स्वतःच ताली, म्हणजे त्यांचं मंगळसूत्र, बांधण्याचं सांगतील, आणि तुम्ही एवढं विचारलंत याचंच त्यांना बरं वाटेल. पुरट्टासी महिन्यात, म्हणजे साधारण सप्टेंबर मध्यापासून ऑक्टोबर मध्यापर्यंत, डरबनची तमिळ घरं मांसमच्छी बंद ठेवतात, आपल्या श्रावणासारखं, भाषा गेली पण हे नाही सुटलं. मारिअम्मन देवीला आंबील करतात, तैपूसमच्या सणाला कावडी नेतात. विचारा याबद्दल, कुठल्या देवळात जाता, आजी काय करायच्या. घर कसं आहे ते अशा गप्पांत कळतं, आणि तुम्हाला खरं तेच जाणून घ्यायचंय ना.

आता तो कागद. ताई, तो नंबर म्हणजे सोनं आहे, अगदी खरं सांगते. आडनावावरून गाव सापडत नाही, त्या नंबरवरून सापडू शकतं. मुलाच्या आईला आजच मेसेज करा, कागदाचा दोन्ही बाजूंचा नीट उजेडात फोटो पाठवा म्हणून. नंबर, बोटीचं नाव, तारीख, या तीन गोष्टी वेगळ्या लिहून ठेवा. नातालच्या बोटींच्या याद्यांवर डरबनच्या विद्यापीठात बरीच वर्षं काम झालंय, क्वाझुलू-नाताल विद्यापीठाच्या गांधी-लुथुली डॉक्युमेंटेशन सेंटरमधे त्या याद्या आहेत. आणि इमिग्रंट लोकांच्या सरकारी खात्याच्या फायली पीटरमॅरिट्झबर्गच्या सरकारी अभिलेखागारात आहेत. हे काम तिकडच्या कोणा नातेवाइकाने प्रत्यक्ष जाऊन केलं तर सगळ्यात बरं, डरबनमधे त्यांचं कोणी ना कोणी असेलच. शोधताना नावाने शोधू नका, नंबरने शोधा, कारण नावाचं स्पेलिंग काय लागलंय देव जाणे. पणजीचा नंबर वेगळा असणार, तोही मिळाला तर घ्या, पुष्कळदा पणजीचं गाव वेगळ्याच जिल्ह्यात निघतं कारण त्यांची भेटच डेपोत किंवा मळ्यावर झालेली असते, आणि मग तुमच्या यादीत दोन गावं येतील.

नोंद मिळाली की तुमचं काम सुरू. त्यात जिल्ह्याचं जुनं नाव असेल. उत्तर अर्काट असं असेल तर आज ते वेल्लोर, राणीपेट, तिरुपत्तूर, तिरुवन्नामलै यात वाटलं गेलंय. दक्षिण अर्काट म्हणजे आता कडलूर, विळुप्पुरम, कळ्ळकुरिची. जुन्या सेलममधून नामक्कल, धर्मपुरी, कृष्णगिरी निघाले. चिंगलपुट म्हणजे चेंगलपट्टू, तंजोर म्हणजे तंजावर, ते तर आपल्याला माहितीच. तालुका बहुतेक ओळखू येईल. गावाच्या नावाचे मात्र तीन चार अंदाज करावे लागतील, इंग्रजी स्पेलिंग मोठ्याने वाचा आणि ऐकणारा त्या भागातला तमिळ माणूस हवा. इथे मिस्टरांची ओळख वापरा! सूतवाल्यांना सांगा, आमचे पाहुणे त्यांचं गाव शोधतायत, सेलम वेल्लोरकडचा कोणी माहितीतला आहे का. अशा कामाला माणसं आनंदाने धावून येतात.

अपेक्षा मात्र बेताच्या ठेवा आणि त्यांनाही आधी सांगून ठेवा. गाव सापडेल, घर सापडेल असं नाही. एकाच तालुक्यात एकाच नावाची दोन गावं असतात. तिथल्या लोकांना दीडशे वर्षांपूर्वी गेलेला मुनुसामी आठवत नसतो. आपलं कुलदैवत असतं तसं तमिळ लोकांत कुलदैवम असतं, बहुतेक वेळा मूळ गावच्या वेशीजवळचं छोटं देऊळ, अय्यनार, मुनीश्वरन किंवा एखादी अम्मन. गावात गेल्यावर घर विचारत फिरण्यापेक्षा देवळं विचारा, डरबनच्या घरात एखाद्या देवाचं नाव पिढ्यान् पिढ्या चालत आलं असेल तर तिथे धागा जुळू शकतो. आणि गावाचा पत्ता लागलाच नाही तर चेन्नईला जा, मद्रासची बोट तिथूनच सुटली एवढं तरी पक्कं आहे.

(असाच शोध आपल्या लोकांनाही घ्यावा लागतो बरं का. मॉरिशसमधे मराठी समाज आहे, कोकणातून मुंबई बंदरावरून मळ्यांवर गेलेल्यांचे वंशज. त्यांच्या नोंदी तिथल्या मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधे जपल्यात, काहींचे तर फोटोसुद्धा आहेत. हे दिरांना सांगा, म्हणजे गिरमिट म्हणजे कुठलीतरी परकी भानगड असं वाटणार नाही.)

पत्रिका. गोव्हेंडर असंच छापा, ते स्वतः उच्चारतात तसं. गौंडर असं सुधारून छापू नका, तुमचा हेतू चांगला असला तरी ते त्यांचं नाव राहणार नाही, दीडशे वर्षं त्यांनी जगलेलं नाव गोव्हेंडर आहे. देवनागरीत छापायच्या आधी मुलाकडून उच्चार ऐका, व्हॉइस मेसेज मागवा. दुसरं म्हणजे मुलाचं मधलं नाव वडिलांचं असेल असं धरू नका, त्यांच्यात बऱ्याचदा ते मुलाचं स्वतःचंच दुसरं नाव असतं. आपल्या सवयीने प्रेसवाला मधे वडिलांचं नाव घालेल, प्रूफ स्वतः बघा. "श्री. व सौ. अमुक गोव्हेंडर, डरबन, यांचे चिरंजीव" एवढं छान दिसतं. मूळ गाव म्हणून तमिळनाडू वगैरे टाकायचं असेल तर त्यांना विचारून, आपल्या मनाने नाही.

मुलीने आडनाव लावावं का हे तिने ठरवायचं, तुम्ही नाही, जावईही नाही. लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा आपल्याकडे कुठलाही कायदा नाही. माझं मत विचारलंत म्हणून सांगते, तिची डिग्री, नोकरी, पासपोर्ट, व्हिसा सगळं एका नावावर आहे, तर उगाच हलवू नये. पण तिला ते नाव मनापासून घ्यावंसं वाटलं तर घेऊ दे, आणि तेव्हा घरातल्या कोणी त्यावर तोंड वाकडं करू नये. तांदळात नाव लिहून मुलीचं पहिलं नाव बदलायची पद्धत तुमच्याकडे असेल तर तेही तिला आधी विचारा, ऐन मांडवात नको.

आता फोटो मागवायचं तेवढं लगेच करा, कारण तिकडून नोंद यायला वेळ लागतो आणि पाहुण्यांची तिकिटं त्यावर ठरवावी लागतील. जिल्ह्याचं जुनं नाव लागत नसेल तर मला पाठवा, बसून लावू.